ठंडाबर इकायची हाय

बायनाबाईनं गाडी विकायची गोष्ट पहिल्यांदा काढली ती दूध संस्थेच्या ओट्यावर, साऱ्या बायांच्या देखत, घरच्या धन्याला न विचारता. आधी मनात ठरवून मग बोलली, असंही नव्हतं. बोलता बोलता शब्द तोंडातून निघून गेला आणि निघाल्यावर तिला कळलं, की हा आता आपण माघारी घेणार नाही.

चौसाळ्याहून आत वळलं की माळावर गवळदरा लागतं. पूर्वी दिवाळी सरली की निम्मं गाव कोयते घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागायचं. मागं राहायची म्हातारी माणसं आणि कुत्री. बायनाबाईनं महिला दूध संस्था काढली तेव्हा घरोघर हिंडून एकच सांगितलं होतं, "कोयता ठेवा अन् गाय धरा. लेकरं साळंत राहू द्या. दूध इकायचं मी बघते." मोठ्या घरची सून बोलते म्हणून बायांनी ऐकून घेतलं, पण मनावर कुणी घेईना. मग कौशल्याबाईनं घेतलं. ती लग्नाच्या वर्षापासून ऊसतोडीला जाणारी. तिची दोन बाळंतपणं फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत झालेली. तिनं एक गाय आणली, पुढच्या वर्षी दुसरी आणली, आणि तिचं पाहून बाकीच्या आल्या. होता होता गावातले कोयते आढ्याला अडकले ते अडकलेच.

दोन हजार अठराला पावसानं पाठ फिरवली. ज्वारी पोटरीतच करपली, म्हणजे दाणा नाही आणि कडबाही नाही. पालीजवळच्या बिंदुसरेच्या धरणात मातीच्या खपल्या निघाल्या. गावाला टँकर लागला. होळीपर्यंत बायांनी उसाच्या वाढ्यावर, बाभळीच्या शेंगांवर कसंबसं भागवलं. होळीनंतर एकेक गाय बाजाराची वाट धरू लागली. गिऱ्हाईक म्हणून तिथं कोण उभं असतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्याविषयी कुणी बोलत नव्हतं.

त्या सकाळी ओट्यावर कौशल्याबाई म्हणाली, "बायना, तू म्हणलीस म्हणून आमी कोयता ठिवला." तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळंच ते जास्त लागलं. "आता गाय गेली की दिवाळीला पुन्यांदा मुकादमाच्या दारात. दुसरं काय हाय आमच्याजवळ?"

"गाय इकू नका. पाऊस पडस्तोवर वैरण मी आणते."

"कुठून आणतीस? कावून थट्टा करतीस गरिबाची?"

"ठंडाबर इकते," बायनाबाई म्हणाली.

ओट्यावरच्या बाया कॅन तसेच उघडे सोडून तिच्याकडं बघू लागल्या.

ठंडाबर म्हणजे गाडी. खरं नाव थंडरबर्ड. सत्तावन्न साली अमेरिकेत बनलेली, शर्यतीच्या गाड्यांच्या घाटाची, दोनच माणसांची, टप काढला की वरून उघडी, लालभडक. हैदराबादच्या कुणा जहागीरदाराच्या पोरानं ती आणली होती. त्याची हौस फिटली आणि खिसा फाटला तेव्हा बायनाबाईच्या सासऱ्यांनी, सुंदररावांनी, ती घेतली. सुंदरराव मोठे बागायतदार, सोसायटीचे चेअरमन. भागात सहकारी साखर कारखाना काढायचा म्हणून ते शेअर्स गोळा करत या गाडीतून गावोगाव हिंडले. गाडी बघायला माणसं जमायची, आणि माणसं जमली की सुंदरराव बोनेटवर बसून त्यांना सहकार समजावून सांगायचे. थंडरबर्ड कुणाला म्हणता येईना, म्हणून गावानं तिची ठंडाबर केली. उन्हाळ्यात तिच्या सीटवर बूड टेकवता येत नसे, ही गोष्ट वेगळी.

पुढं तिचा गिअर तुटला. सामान मिळेना. सुंदररावांनी जीप घेतली आणि ठंडाबर गोठ्याच्या शेजारच्या छपरात गेली. तिच्या मागच्या डिकीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. सुंदरराव गेल्यावर वाटणी झाली, तेव्हा थोरल्या शहादेवानं विहिरीकडचं बागायत आपल्याकडं ओढलं आणि धाकट्या राधाकिशनला माळाकडचं कोरडवाहू आलं. "अन् हां, ठंडाबर बी तुलाच," असं शहादेव पंचांसमोर म्हणाला, आणि पंचही हसले. राधाकिशन हसला नाही. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून त्यानं त्या गाडीचं स्टेअरिंग धरलेलं होतं.

बायनाबाईच्या नवऱ्याला दारू नव्हती, पत्ते नव्हते, राजकारण नव्हतं. होती ती ही गाडी. शेतातून आला की भाकर खायच्या आधी छपरात जायचा. हैदराबादच्या जुन्या बाजारात फिरून एकेक पुर्जा शोधून आणायचा. जो मिळाला नाही तो बीडच्या लेथवर घडवून घ्यायचा. रेडिएटर फुटलेला होता, तो नवा करून घेतला. सीटचं चामडं चौसाळ्याच्या चांभारानं शिवलं, आणि असं शिवलं की घोड्याचं खोगीर वाटावं. सुरुवातीला बायनाबाईला या गाडीचा सवतीसारखा राग यायचा. मग ती कंदील धरून उभी राहू लागली, मग पान्हे देऊ लागली.

गाडी अर्धी जुळली होती तेव्हा राधाकिशनला लकवा झाला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. बायनाबाई त्याला घेऊन अंबाजोगाईच्या दवाखान्यात पडून राहिली तेव्हा तिच्या गाईंच्या धारा संस्थेच्या बायांनी काढल्या, पाळीपाळीनं डबे पाठवले. घरी आल्यावर राधाकिशन दिवसेंदिवस भिंतीकडं बघत पडायचा. एका दुपारी बायनाबाईनं त्याची बाज उचलून छपरात नेऊन टाकली आणि पदर खोचून म्हणाली, "सांगा आता. कुठला नट आधी?"

त्याचा डावा हात आणि तुटके शब्द, आणि तिचे दोन हात. असं करत ती आठ सिलेंडरची मशीन उभी राहिली. ज्या दिवशी ती पहिल्यांदा सुरू झाली, त्या दिवशी छपरातली चिमणीसुद्धा उडून गेली. राधाकिशन ढसाढसा रडला. बायनाबाईच्या कोपरापर्यंत ग्रीस होतं, त्याच हातानं तिनं त्याचं तोंड पुसलं.

आणि आता ती गाडी विकायला निघाली होती.

ती ओट्यावरून घरी पोहोचायच्या आत बातमी पोहोचली होती. राधाकिशन बाजेवर बसला होता. तिला बघून त्यानं तोंड फिरवलं.

"कुणी सांगितलं?"

ती चुलीपुढं न जाता त्याच्यासमोर भुईवर बसली. "तुमाला न इचारता बोलले, ती माझी चूक. पण बोलले ते चुकीचं न्हाई बोलले. ह्या बायांनी माझ्या शब्दावर कोयता सोडला. माझ्या शब्दावर. उद्या त्यांनी पुन्यांदा कोयता उचलला, तर मी त्या ओट्यावर कुठल्या तोंडानं बसू?"

"न्हा...ई," राधाकिशन म्हणाला. बस, एवढंच.

"बरं. तुमी हो म्हणस्तोवर थांबते. पण गाया थांबणार न्हाईत, येवढं ध्यानात ठिवा."

तो तिच्याशी बोलेना. जेवायचा, पण ती वाढत असताना ताटाकडंच बघायचा. बायनाबाई आतून तुटत होती, पण तिनं विषय सोडला नाही आणि घाईही केली नाही. रोज संध्याकाळी ती त्याला छपरात नेऊन बसवायची आणि गाडी पुसायची. कोरड्या फडक्यानं, कारण पाणी नव्हतं.

मग शहादेव आला. तो आता पंचक्रोशीत 'आबा' झाला होता. पांढरे कडक कपडे, मागं दोन माणसं. बायनाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि बसायला खुर्ची दिली. शहादेव खुर्चीवर न बसता गाडीभोवती फिरला. ज्या गाडीला तो भंगार म्हणाला होता तिच्या बोनेटवरून त्यानं हात फिरवला.

"राधा, लई भारी केलीस बे! आपल्या बापानं, अण्णांनी बघायला पायजे होती." मग त्यानं खाकरून गोष्ट काढली. "आता कामाचं बोलतो. निवडणूक तोंडावर हाय. साहेबांना जुन्या गाड्यांचा लई शोक. ही गाडी आपण साहेबांना भेट देऊ. मिरवणुकीत साहेब हिच्यात उभे, अन् शेजारी मी. साहेब आपल्या गावाला चारा छावणी मंजूर करून देतात. शब्द घेऊन आलोय. तुमचं बी काम झालं, माझं बी झालं."

बायनाबाई क्षणभर डगमगली. छावणी म्हणजे सगळ्या गाईंना वैरण आणि पाणी. नाकारायचं कसं?

"छावणी कुठं होईल, आबा?" तिनं विचारलं.

"कुठं म्हणजे? माझ्या विहिरीच्या रानात. दुसरीकडं पाणी कुठं हाय?"

"अन् गाया कुणाच्या घ्यायच्या, कुणाच्या न्हाई, ते कोण ठरवणार?"

शहादेव हसला. "ते बघू की. आपली माणसं आधी."

"संस्थेच्या बायांत आपली अन् परकी असं न्हाई, आबा."

"बायना, तू मधी पडू नको. मी माझ्या भावाशी बोलतोय." तो बाजेकडं वळला. "राधा, वडलांची गाडी हाय. ती कुणा परक्याच्या दारात उभी राहण्यापरीस साहेबांच्या दारात शोभंल. काय?"

राधाकिशनचं तोंड वाकडं होऊन थरथरू लागलं. शब्द गळ्याशी अडकला की त्याचं असं व्हायचं. बायनाबाई त्याला सावरायला पुढं झाली, तर त्यानं डाव्या हातानं तिला थांबवलं. त्यानं थोरल्या भावाकडं बघितलं, मग गाडीकडं आणि मग बायकोकडं.

"बायना," तो म्हणाला. कितीक दिवसांनी त्यानं तिचं नाव घेतलं होतं. "ई...क. पण हार... घालून... भेट... न्हाई."

शहादेवाला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो तांबडा झाला. "कर बाबा तुझ्या बायकोच्या मनासारखं," असं म्हणून तो निघून गेला. छावणी पुढं झालीच, शहादेवाच्याच रानात, पण शेजारच्या गावाच्या नावावर. गवळदऱ्याच्या गाईंना तिथं जागा निघाली नाही.

बायनाबाईच्या संभाजीनगरच्या लेकीनं गाडीचे फोटो काढून मोबाईलवर टाकले, आणि फोन सुरू झाले. लग्नाची शूटिंग करणारे भाड्यानं मागू लागले. एकानं विचारलं, "मायलेज काय देते?" एकानं वजनावर भाव केला. एक जण आल्या आल्या आत बसून फोटो काढू लागला, आणि फोटो झाल्यावर "कळवतो" म्हणून गेला. बायनाबाई प्रत्येकाशी तेवढ्याच शांतपणे बोलत होती. मधल्या काळात आणखी दोन गाई बाजाराला गेल्या. जाताना त्या बायांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

चैत्र सरता सरता जालन्याहून बद्रीनाथशेठ आले. बियाण्यांचे व्यापारी, साठी उलटलेले, बोलायला मऊ आणि व्यवहाराला चोख. त्यांच्याकडं जुन्या गाड्या होत्या आणि त्या ते स्वतः चालवत. त्यांनी गाडी वरून बघितली, खाली सतरंजी टाकून आडवे होऊन बघितली, इंजिनाला कान लावून ऐकली. कपडे झटकत उठले आणि राधाकिशनच्या बाजेवर त्याच्या शेजारी बसले.

"फार प्रेमानं केलंय," ते म्हणाले. "पण गावात गोल फिरणारी गाडी मला नको. ती रस्त्याला लागली पाहिजे. पालीहून मांजरसुंब्याचा घाट भरदुपारी चढवून दाखवा. चढली तर तुम्ही सांगाल त्या भावानं घेतो, नाही चढली तर राम राम."

"चढंल," बायनाबाई म्हणाली.

"चालवणार कोण?"

"मीच. संस्थेचा टेम्पो मीच चालवते."

"ठीक. मी शेजारी बसतो."

तेवढ्यात राधाकिशननं डावा हात बाजेच्या माच्यावर आपटला. "मी," तो म्हणाला. "मी... बसणार."

बद्रीनाथशेठनी त्याच्याकडं पाहिलं आणि मान डोलावली. "बरोबर आहे. मी माझ्या गाडीत मागून येतो."

रेडिएटर भरायला पाणी लागणार होतं, आणि आठ सिलेंडरची गाडी म्हणजे काही तांब्याभर पाण्यात भागणारी नव्हे. टँकर आला त्या दिवशी बायनाबाई आपल्या वाट्याचे हंडे घेऊन छपराकडं निघाली, तेव्हा रांगेतली भिवराबाई मोठ्यानं म्हणाली, "हितं माणसाला प्यायला न्हाई, अन् ही गाडीला पाजती!"

बायनाबाई थांबली. "माझ्या वाट्याचं हाय, भिवराबाई. कुणाच्या घागरीतलं न्हाई." आणि गेली. घरात स्वयंपाकापुरतं ठेवून बाकी सगळं तिनं गाडीत ओतलं. दोन दिवस नवरा-बायकोनं अंघोळ केली नाही.

निघायच्या दिवशी तिनं राधाकिशनला दोघींच्या मदतीनं उचलून सीटवर बसवलं. एका बाजूला कौशल्याबाई होती. स्टेअरिंग डावीकडं, त्यामुळं तो उजवीकडं बसला, त्याचं गेलेलं अंग दाराच्या बाजूला. तिनं जुन्या लुगड्याचा पट्टा करून त्याला सीटशी बांधलं. "येते," ती म्हणाली. कौशल्याबाईनं बोनेटवर हात टेकवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

चौसाळ्याहून मांजरसुंब्यापर्यंत गाडी अशी गेली, की राधाकिशनच्या डोक्यावरची टोपी उडाली आणि तो पोरासारखा हसला. ट्रकवाले हॉर्न देत होते. धाब्यावरची माणसं उठून उभी राहत होती. घाट उतरून ते पालीला पोहोचले. उजाड धरणाकडं तिनं बघायचं टाळलं. गाडी फिरवली. ऊन डोक्यावर होतं, डांबरातून वाफा निघत होत्या. मागं बद्रीनाथशेठची पांढरी गाडी उभी होती.

"चला," ती म्हणाली, आणि चढाला लागली.

पहिली दोन वळणं झकास गेली. रस्ता नवा, रुंद, पण चढ जुनाच होता. मग उष्णता दाखवणारा काटा हलला. मधोमध होता तो सरकत सरकत उजवीकडं गेला. राधाकिशनची नजर काट्यावर होती आणि बायनाबाईची रस्त्यावर, पण दोघांना ते एकदमच कळलं. अर्ध्या घाटात पुढून फाट् असा आवाज आला आणि बोनेटच्या फटींतून पांढरी वाफ उसळली.

तिनं गाडी कडेला हिवराच्या झाडाखाली घेतली आणि बंद केली. हिवराची सावली ती किती! बोनेट उघडायलाही थांबावं लागलं. उघडलं तेव्हा दिसलं, की वरचा रबरी पाइप उभा चिरला होता आणि पाणी डांबरावर पडून पडताच वाळत होतं. दोन दिवसांचं पाणी.

बद्रीनाथशेठ मागून येऊन उभे राहिले. ते वाईट माणूस नव्हते. "ताई, राहू द्या," ते म्हणाले. "पाइप काय, कुणाचाही फुटतो. मी क्रेन बोलावतो, गाडी घरी पोहोचवतो. सौद्याचं मग बघू."

मग बघू म्हणजे काय, ते बायनाबाईला कळत होतं.

"शेठ, गाडी अजून घाटातच हाय," ती म्हणाली. "वर गेल्यावर बोलू."

तिनं पिशवी उघडली. सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता, तार होती, पक्कड होती. पाइप हाताला लावला की चटका बसत होता. पदर हाताला गुंडाळून तिनं ट्यूब ओढून ओढून त्यावर वेढली, वेढ्यावर वेढा, आणि तारेनं आवळली. राधाकिशन सीटवरून मान वाकडी करून बघत होता. "आणि...क," तो म्हणाला. तिनं आणखी आवळली.

पाणी राहिलं होतं. एक टँकर घाट चढत आला, तिनं हात केला. चालकानं वेग कमी केला आणि खिडकीतून ओरडून सांगितलं, "बाई, दुसऱ्या गावचं पाणी हाय, थेंब देता यायचा न्हाई!" तिला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी तिनंही दिलं नसतं.

बद्रीनाथशेठच्या गाडीत पाण्याच्या बाटल्यांची खोकी होती. त्यांनी न मागताच ती काढून झाडाखाली ठेवली. बायनाबाई इंजिन निवेपर्यंत थांबली. मग एकेक बाटली फोडून रेडिएटरमध्ये ओतू लागली. सकाळपासून तिनं पाण्याचा घोट घेतलेला नव्हता. पाणी स्वच्छ होतं, थंड होतं, आणि ते खळखळत लोखंडाच्या तोंडात जात होतं. तिचा गळा आपोआप गिळल्यासारखा हलला. भिवराबाईचा शब्द आठवला आणि तिला वाटलं, ती खोटं कुठं बोलली? पण हात थांबला नाही. एक बाटली तिनं राधाकिशनच्या तोंडाला लावली. तो निम्मी प्याला आणि उरलेली त्यानं डाव्या हातानं तिच्याकडं सारली. "तू," तो म्हणाला. ती तेवढीच प्याली.

गाडी सुरू झाली. ट्यूबच्या बांधातून एक थेंब आला, दुसरा आला, मग थांबला. चढ पुढं आणखी उभा होता, आणि पहिल्याच वळणाला काटा पुन्हा हलला.

"ही...टर," राधाकिशन म्हणाला.

"काय?"

"हीटर... लाव. पुरा."

तिला वाटलं, उन्हानं ह्यांचं डोकं फिरलं. या गाडीला थंडीच्या मुलुखातला हीटर होता, आणि तो राधाकिशननं केवळ हट्टानं दुरुस्त केला होता. त्यावरून गावानं त्याला किती हसून घेतलं होतं. मग तिच्या ध्यानात आलं. इंजिनाची उष्णता आपल्या अंगावर घ्यायची, म्हणजे तेवढी इंजिनाची कमी होणार. तिनं बटण ओढलं.

भट्टीचं दार उघडावं तशी झळ पायांवर आली. वरून वैशाखाचं ऊन, खालून हीटर. चप्पल तापली, बांगड्या तापल्या, डोळ्यांत घाम उतरून रस्ता थरथरू लागला. बायनाबाईनं डोळा बारीक केला आणि पाय हलवला नाही. काटा जिथं होता तिथं अडून बसला, मग तसूभर मागं सरला.

"दुसरा... टाक. हळू. ओढू... नको. हां."

लकव्यानंतर तो एका दमात इतका कधी बोलला नव्हता. ती त्याच्या शब्दासरशी गिअर टाकत होती, पाय उचलत होती. शेवटचं वळण आलं. पुढं उसाचा रिकामा ट्रॅक्टर चढत होता, त्याला ओलांडायला पुरेशी ताकद गाडीत आहे का नाही, ते दोघांनाही माहीत नव्हतं. तिनं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं हनुवटी पुढं केली. तिनं पाय दाबला. ठंडाबर गुरगुरली आणि ट्रॅक्टरला मागं टाकून माथ्यावर निघाली.

मांजरसुंब्याच्या चौकात, चहाच्या हॉटेलापुढं, तिनं गाडी उभी केली आणि हीटर बंद केला. राधाकिशन डोळे मिटून बसला होता. त्याचा सदरा पिळून काढावा इतका भिजला होता, आणि चेहऱ्याची वाकडी बाजूसुद्धा हसत असल्यासारखी दिसत होती. बायनाबाई खाली उतरली. पायांना फोड आले होते.

बद्रीनाथशेठ आले, त्यांनी चहा सांगितला. "आता बोलू," ते म्हणाले. "गाडी चढली. पण पाइप फुटला, तेवढं मला धरावं लागेल ना?"

"पाइप मी नवा टाकून देते. भाव ठरला तोच राहणार," बायनाबाई म्हणाली. "अन् आणिक एक ऐका. रेडिएटर अमेरिकेचा न्हाई, बीडचा हाय. सीट चौसाळ्याचं. गिअरमधली दोन चाकं लेथवर केलेली. मागनं म्हणाल, बाईनं सांगितलं न्हाई."

शेठ हसले. "ते मी खाली आडवा झालो तेव्हाच बघितलं होतं. तुम्ही सांगता का नाही, तेवढं बघत होतो." त्यांनी बशीत चहा ओतून आधी राधाकिशनपुढं धरला. "बोला. रोख कधी पाठवू?"

"सगळी रोख नको," बायनाबाई म्हणाली. हे तिनं घाटात ठरवलं होतं. पैसा हातात आला तरी वैरण होती कुठं? साऱ्या मुलुखात काडी नव्हती. "तुमचा बियाण्यांचा धंदा. खानदेशात तुमची मका असते, असं तुमीच म्हणालात. तिचा कडबा पायजे मला. ट्रक तुमचे, भरणी तुमची. पाऊस पडस्तोवर गवळदऱ्याला वैरण येत राहिली पायजे. उरंल ते रोख द्या."

शेठनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "ताई, गाडी घ्यायला आलो होतो, तुम्ही मला कामाला लावलंत." आणि त्यांनी हात पुढं केला. बायनाबाईनं पदराला हात पुसून हात मिळवला. आयुष्यात परक्या पुरुषाशी तिनं पहिल्यांदाच हात मिळवला होता, तोही भर चौकात, नवऱ्यासमोर.

गाडी न्यायला मोठा ट्रक आला, त्या दिवशी राधाकिशननं बाज छपराबाहेर काढायला लावली. दोरखंड आवळताना तो हमालांवर खेकसला, रंगाला ओरखडा येईल म्हणून. ट्रक वळणाआड गेला तरी तो त्या बाजूला बघत राहिला. बायनाबाई त्याच्याजवळ बसली. रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी जेवला.

कडब्याचा पहिला ट्रक आला तेव्हा गावातल्या गाई दावणीतून हंबरल्या. बायांनी पदर खोचून पेंढ्या उतरवल्या आणि गाडीविना मोकळ्या पडलेल्या छपरात रचल्या. भिवराबाई सगळ्यांत जास्त पेंढ्या वाहत होती. सगळ्याच गाई वाचल्या, असं मात्र झालं नाही. ज्या आधी बाजाराला गेल्या त्या गेल्याच. त्या घरांतली माणसं दिवाळीनंतर पुन्हा कारखान्याला गेली. जाताना त्यांच्या दारांना लावलेली कुलपं बघून बायनाबाईला अन्न गोड लागलं नाही. पण संस्था टिकली. पाऊस उशिरा आला, पण आला. आणि मुकादम कौशल्याबाईच्या दारात उचल घेऊन आला तेव्हा तिनं त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं.

पौषात एका सकाळी बद्रीनाथशेठचा फोन आला. ठंडाबर थंडीत सुरू होत नव्हती. त्यांचे दोन मेकॅनिक हात टेकून बसले होते. बायनाबाईनं फोन राधाकिशनच्या कानाला लावला.

"चोक... किती ओढता?" राधाकिशननं विचारलं. पलीकडून काही सांगितलं गेलं. त्याच्या कपाळाला आठी पडली. "अहो, तसं न्हाई... तिला... हळू..." शब्द अडू लागले, तसा तो डावा हात हवेत हलवून दाखवू लागला, जणू शेठना तो दिसत होता. शेवटी वैतागून त्यानं फोन बायकोच्या हातात दिला.

"शेठ, थांबा जरा," बायनाबाई म्हणाली आणि नवऱ्याकडं बघितलं. "काय सांगू?"

"हात... लावू नका म्हणावं. मी... येतो."

"जालन्याला? कसे जाणार?"

राधाकिशननं खिडकीतून बाहेर उभ्या असलेल्या दुधाच्या टेम्पोकडं बोट केलं.

बायनाबाईनं फोन तोंडाशी धरला. "शेठ, सकाळचं दूध घातलं की निघतो आमी. दुपारच्या जेवणाला दोन माणसं धरा."